वाढत्या अंगाचं इंजिन

मी वजनमापे खात्यात आहे. किराणावाल्याचा तराजू, कापडवाल्याचा गज, तेलवाल्याचं माप बरोबर आहे की नाही हे बघायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. तेवीस वर्षांत माझ्या हातून गुंजेचाही फरक सुटलेला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकून झाली की लोक नेमकं हेच मला ऐकवतात आणि वर खांद्यावर थोपटतात. हसं व्हायचंच असेल तर ते स्वतःच्या हातानं, क्रमवार आणि नीटनेटकं झालेलं बरं.

प्रकरण सासऱ्यांच्या पिकअपचं. सासरे पन्नास वर्षं शाळेचे गणवेश शिवत होते आणि शिवलेले गठ्ठे स्वतःच्या पिकअपमधून शाळाशाळांत पोचवत होते. गेल्या वर्षी डोळ्यांनी आणि गिऱ्हाइकांनी एकदमच साथ सोडली, दुकान बंद झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. बरोबर एक ट्रंक, एक कात्री आणि ती पिकअप. ट्रंक पलंगाखाली गेली, कात्री कपाटात गेली. पिकअप यांपैकी कुठेच मावेना. तिच्या इंजिनाचा ठोकळा तडकलेला, त्यामुळे ती ओढत आणून आवारात विटांवर उभी केली. लग्नात हुंडा घ्यायचा नाही असं मी बाणेदारपणे म्हटलं होतं. तो असा बावीस वर्षांनी वसूल झाला.

सासरे गॅलरीत बसायचे आणि वरून तिच्याकडे बघायचे. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण दुसऱ्याच्या काजात. ज्या माणसानं हजारो मुलांना बटणं लावली त्याचं हे. काही विचारलं की म्हणायचे, आता मला काय कळतंय, तुम्हीच बघा. बायको रोज मला सांगे, बाबांना काहीतरी काम हवंय. मी रोज म्हणे, बघतो. 'बघतो' हा आमच्या खात्यातला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. त्याच्या जोरावर मी आठ महिने काढले.

मग एकाच आठवड्यात दोन कागद आले. पहिला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा. हे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आवारात पडणाऱ्या पानांनासुद्धा नोटीस काढतील अशा बेतात असतात. त्यांनी लिहिलं होतं की आवारातलं 'अचल वाहन' महिनाअखेरपर्यंत हलवावं. दुसरा कागद वाहन कार्यालयाचा. याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला गाडी स्वतःच्या इंजिनावर, चालवत, तपासणीच्या मैदानावर आणून दाखवा. नाहीतर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. ओढून आणलेली चालणार नाही, हे त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं.

रविवारी साडू जेवायला आले. ते स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या विकतात आणि जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार मानतात: ट्रॉलीत मावणाऱ्या आणि भंगारात द्यायच्या. दोन्ही कागद वाचून ते म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, घरी येऊन कापून नेतो, पिकअप सकाळी असते आणि दुपारी नसते. हे ते दंतवैद्याचं कौतुक करावं तसं सांगत होते. सासरे मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "द्या. कुणाला अडचण नको." आणि अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेले.

हिनं फक्त माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत मी त्या नजरेचे सगळे अर्थ शिकलोय आणि त्यांतला एकही माझ्या फायद्याचा नाही. खोलीत कुणीतरी म्हणालं, "गाडी अठ्ठावीस तारखेला चालत जाईल. मी नेईन." तो आवाज माझा होता हे मला सर्वांत शेवटी कळलं. साडूंनी श्रीखंड खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाले, वा, बघूच.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत सल्ल्यांचा पूर आला. मला पाण्याच्या मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्या इमारतीत कळणाऱ्यांचं राज्य आहे. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, डिझेलचं इंजिन टाका. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, काहीही करा पण डिझेल नको. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतूनच सांगितलं की त्यांच्या दिरानं असाच उद्योग केला होता आणि आता तो कुणाशी बोलत नाही. या सगळ्यांना मी आभारी आहे म्हणालो, कारण अडला हरी.

शेवटी एक मिस्त्री मिळाला. त्यानं मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं इंजिन शोधून आणलं. कंपनी तीच, पण इंजिन वेगळं. बसेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, धाकटा भाऊ आहे, थोरल्याच्या खुर्चीत का नाही बसणार? माझ्या धाकट्या भावानं माझ्या खुर्च्यांचं काय केलंय हे आठवून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

अडचण त्याच खुर्चीची होती. इंजिन चासीवर नुसतं ठेवत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला लोखंडी पाय असतात, त्यांवर रबरं आणि रबरांवर इंजिन. पुस्तकात याला माउंटिंग म्हणतात आणि मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. धाकट्या भावाची बैठक वेगळी, म्हणून हे पाय नवे करून घ्यायचे. आणि इथेच क्लचचं दुखणं. जुन्या गाड्यांत क्लचच्या पेडलपासून एक सळई निघते आणि एका आडव्या दांड्याला जाऊन मिळते. या दांड्याचं एक टोक चासीला आणि दुसरं इंजिनाला. म्हणजे इंजिन जिथे असायला हवं तिथे नसलं की दांडा वाकडा आणि तुम्ही पेडल कितीही दाबा, क्लच आपल्या मर्जीचा मालक. मला हे कळायला तीन दिवस लागले. मिस्त्रीला मला समजावायला तेवढेच लागले आणि तेवढ्यात त्याचे केस विरळ झाले.

पाय करून देणार होता वेल्डर. हा अत्यंत तत्त्वनिष्ठ माणूस. तोंडी काही ऐकत नाही. कागदावर लिहून द्या, लिहाल तेवढंच कापीन, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. याउलट मिस्त्री एक डोळा मिटून, अंगठा आडवा धरून, माप घेणार. वजनमापे खात्याच्या माणसासमोर अंगठ्यानं माप! कुणी देवळात चपला घालून आल्यावर पुजाऱ्याला व्हावं तसं मला झालं. मी म्हटलं, माप टेपनं आणि लेखी होईल. आणि मग, का कोण जाणे, गॅलरीकडे बघून म्हटलं, "मामा, तुम्ही घ्याल का माप?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा सासरे दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात टेप टाकून दाराशी उभे होते. आठ महिन्यांनी सगळी बटणं आपापल्या काजात होती. ही स्वयंपाकघराच्या दारात आली, त्यांच्याकडे बघितलं, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा आत गेली. चहा झाला तेव्हा तिचे डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणाली. नाश्त्याला कांदा नव्हता.

खाली जाऊन त्यांनी चासीवर साखळीनं टांगलेल्या इंजिनाचं माप घेतलं. असं माप कुठल्याही इंजिनाचं आजवर घेतलं गेलं नसेल. इंजिनाभोवती ते दोनदा फिरले, त्याला खांद्याशी हलकेच सरळ केलं, आणि मग एकेक आकडा पुकारत वहीत लिहिला: छाती, कंबर, डावा पाय उंची, उजवा पाय उंची. इंजिनानं पोट आत ओढलं असतं तर त्यांनी त्याला रागावून सोडायला लावलं असतं. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. मिस्त्री डोक्याला हात लावून बसला होता. लिहून झाल्यावर सासऱ्यांनी वही माझ्यापुढे केली आणि मी जे तेवीस वर्षं करत आलोय तेच केलं. खिशातलं पेन काढलं, आकड्यांखाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहिलं, सही केली आणि तारीख टाकली. आकडे बघितले का? सासऱ्यांनी घेतलेलं माप जावयानं बघायचं असतं का? टेपचं टोक तर मीच धरलं होतं.

वेल्डर त्या पानाची नक्कल घेऊन गेला आणि मी वाहन कार्यालयात. खिडकीतल्या माणसाला मी विचारलं की बदललेल्या इंजिनाची नोंद कशी करायची. तो म्हणाला, गाडी मैदानावर आणून दाखवा. मी म्हटलं, गाडी रस्त्यावर आणायला कागद लागतो. तो म्हणाला, कागद गाडी दाखवल्यावर मिळेल. मी म्हटलं, मग गाडी दाखवायला कशी आणू? तो म्हणाला, चालवत. एरवी मी चिडलो असतो, पण हा माणूस बोलत होता ती माझीच भाषा होती, माझाच सूर होता, नाकावर घसरलेला चष्मासुद्धा माझ्यासारखाच. दुकानदारांना माझ्याशी बोलताना काय होत असेल हे मला त्या दिवशी कळलं आणि फारच अपमान वाटला. चौथ्या खेपेला त्यानं एका दिवसाचा परवाना दिला. त्यावरही तेच: चालवत यायचं, अठ्ठावीस तारीख, दुसरी मिळणार नाही.

वीस तारखेला इंजिन बसलं. बसलं म्हणजे वर ठेवलं गेलं. बॉनेट मिटेना. मिस्त्रीनं ते दाबलं, मग त्यावर बसला, मग म्हणाला बॉनेट काय, मागाहून बसेल. क्लचची सळई आखूड पडत होती, तिला तुकडा जोडला. आडवा दांडा तिरपा होत होता, त्याच्याखाली चार वायसर घातले. वायसर म्हणजे मिस्त्री लोकांची आशा असते. सासरे दोन पावलांवर उभे राहून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर नातू कविता म्हणत असतानाचा आनंद होता.

चाचणीला अर्धी इमारत जमली. सेक्रेटरी हातात वही घेऊन आले. मी गाडीत बसलो, इंजिन चालू झालं, टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या तेव्हाच मी खाली उतरायला हवं होतं. पेडल दाबून गिअर टाकला आणि हळूच सोडायला लागलो, तर गाडीनं बेडकासारखी उडी मारली. काय झालं ते मिस्त्रीनं नंतर सांगितलं. क्लच पकडला की इंजिन रबरांवर हलायचं, इंजिन हललं की तो तिरपा दांडा ओढला जाऊन क्लच सुटायचा, सुटला की इंजिन जागेवर, जागेवर आलं की पुन्हा पकड. आत बसलेल्या माणसाला हे एवढं तपशीलवार कळत नाही. त्याला फक्त आपली टाळू छताला किती वेळा लागली एवढं कळतं. सात वेळा. सातव्या उडीला गाडीनं सेक्रेटरींनी रंगवून घेतलेली 'वाहने सावकाश चालवा' ही पाटी आडवी केली आणि तिच्यावरच बंद पडली. सेक्रेटरींनी वहीत पहिली ओळ लिहिली. आता ते गाडीला अचल म्हणू शकत नव्हते, एवढंच काय ते समाधान.

संध्याकाळी उजेड होता तोवर मी एकटाच ऑफिसची पोलादी पट्टी घेऊन खाली गेलो. दांडा सरळ राहायला इंजिनाची बैठक चासीपासून किती वर हवी ते मोजलं: साडेचार इंच. वेल्डरनं केलेला पाय मोजला: सव्वापाच. दुसरा पाय: सव्वापाच. वही उघडली. सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात: पाय उंची सव्वापाच, सव्वापाच. खाली माझी सही. पाऊण इंच इंजिन हवेत बसलं होतं, म्हणून बॉनेट मिटत नव्हतं, म्हणून सळई आखूड, म्हणून दांडा तिरपा, म्हणून मी बेडूक.

मी वर जाऊन हिला विचारलं, पाऊणच इंच कसा चुकेल माणूस? ही कपड्यांच्या घड्या करत होती. ती म्हणाली, चुकले नाहीत ते. चड्डी असो की पँट, बाबा उंचीला पाऊण इंच जास्तच लिहायचे. खाली दुमडून द्यायचे, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावी म्हणून. वाढत्या अंगाची मुलं ना.

मी म्हटलं, मोडीतल्या व्हॅनमधून काढलेलं वीस वर्षांचं इंजिन जूनमध्ये पुढच्या इयत्तेत जाणार होतं म्हणायचं.

ती हसली नाही. म्हणाली, "त्यांना सांगू नका. इतक्या दिवसांनी सकाळी उठून दाढी करतायत. दुकान गेलं, डोळे गेले. आता मापही गेलं हे त्यांना कळलं ना, तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील, आणि मग उठायचे नाहीत." मी म्हटलं, मग ठरलं. चूक माझी.

हे म्हणताना माझ्या छातीत काहीतरी भव्य भरून आलं होतं, हे कबूल करतो. रात्रभर मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवला. मी चूक कबूल करतो, लोक थक्क होतात, छे छे तुमच्याकडून असं होणंच शक्य नाही म्हणतात, मी शांतपणे हात वर करून त्यांना थांबवतो. फार सुंदर प्रसंग होता.

रविवारी साडू मुद्दाम आले. भंगारवाल्यालाही सहज म्हणून बरोबर आणलं होतं. सेक्रेटरी होते, मिस्त्री आणि वेल्डर होते, सासरे गळ्यात टेप घालून होते. वेल्डर माझ्यावर डोळे वटारून म्हणत होता की कागदाबाहेर मी एक दोरा गेलेलो नाही. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "चूक माझी आहे. माप तपासताना माझं चुकलं. पाय पाऊण इंच जास्त लिहिला गेला."

कुणीही थक्क झालं नाही. छे छे तर कुणी म्हणालंच नाही. सगळ्यांना ते इतक्या चटकन पटलं की मला पुढचं वाक्य बोलायची गरजच उरली नाही. मिस्त्री म्हणाला, मला वाटलंच होतं. सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या वाण्याचा तराजू माझ्याच शिक्क्याचा आहे, आता तो पुन्हा तपासून घ्यावा लागेल. साडू तर पिकअपच्या फळीला धरून हसत होते. मापात पाप म्हणतात ते हेच, असं ते भंगारवाल्याला समजावून सांगत होते. तेवीस वर्षांची अब्रू मी स्वखुशीनं दिली होती, पण देताना कुणी निदान नको नको तरी म्हणावं.

सासरे मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

"किती जास्त?" त्यांनी विचारलं.

"पाऊण इंच, मामा."

त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, डोळ्यांजवळ नेली, पानावर बोट फिरवलं. बोट सव्वापाचवर थांबलं आणि तिथेच राहिलं. त्यांना कळलं. ते मला दिसलं, हिला दिसलं. साडूंचं हसणं अर्ध्यात राहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे अक्षर माझंय. हा आकडा माझाय. पन्नास वर्षांत माझ्या हातून कपडे बिघडले नाहीत असं नाही. बिघडले ते मी परत घेतले, उसवले, पुन्हा शिवून दिले. दुसऱ्याच्या नावावर नाही घातले. या घरात माझा चहा दुसरं कुणी करतं, गोळ्या दुसरं कुणी मोजतं, पेपर दुसरं कुणी वाचून दाखवतं. निदान माझी चूक तरी माझ्याकडे राहू द्या."

मी थोर मनाचा माणूस म्हणून उभा होतो आणि म्हाताऱ्याच्या खिशातून काहीतरी काढताना सापडल्यासारखं मला झालं. लाज वाटली. खरोखरची वाटली, दाखवायची नव्हे. हिनं पदर तोंडाला लावला होता.

सासऱ्यांनी बाह्या वर केल्या. मिस्त्रीला सांगितलं, इंजिन उचल. वेल्डरला सांगितलं, दोन्ही पाय काढ, नव्यानं माप देतो. वेल्डरनं पहिल्यांदाच तोंडी हुकूम ऐकला. दांडा सरळ होईल इतक्या उंचीवर इंजिन साखळीनं टांगलं गेलं आणि सासरे त्याच्याखाली गुडघ्यांवर बसले. ही भिंग घेऊन आली, त्यांनी ते घेतलं. माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि वही माझ्यापुढे केली.

"तपासा," ते म्हणाले. "सही नकोय. तपासा."

मी पोलादी पट्टी काढली आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो. साडू बघत होते, सेक्रेटरी बघत होते, भंगारवालाही उगीचच बघत होता. मी मोजलं. पुन्हा मोजलं. देवाला म्हटलं, बरोबर निघू दे. देवाचा आणि मापांचा काही संबंध नाही हे मी तेवीस वर्षं बघत आलोय. वहीत चार इंच तीन सूत होतं. पट्टीवर चार इंच चार सूत. वाढ सोडायची नाही या धास्तीनं त्यांचा हात आखडला होता. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्यानं काय बिघडतं, असं म्हणून मी सही करून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. वायसर होतेच.

"मामा," मी म्हटलं, "एक सूत कमी धरलंय."

हे वाक्य बोलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं आयुष्यात कुठल्याही दुकानदाराला बोलायला लागलं नव्हतं. त्यांनी भिंग लावून माझी पट्टी बघितली. मग आकडा खोडला, साडेचार लिहिलं आणि पेन्सिल कानाला लावली.

"असं त्या दिवशी का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

उत्तर होतं, पण ते सासऱ्यांना तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मग अर्धी चूक तुमची. घ्या. पण सगळी नाही."

मी घेतली. एवढ्या लोकांदेखत मिळालेली अर्धी चूक मला पुरेशी होती.

तीन दिवसांनी पाय आले. इंजिन असं बसलं की मिस्त्रीनं दोनदा हलवून बघितलं आणि पाना पिशवीत टाकला. बॉनेट एका बोटानं मिटलं. सळईचा जोडतुकडा काढला, वायसर काढले. आडवा दांडा आडवा झाला, म्हणजे आपल्या नावाला जागला. पेडल दाबलं की क्लच सुटायचा, सोडलं की पकडायचा, मध्ये स्वतःची मतं मांडायचा नाही. आवारात मी चार फेऱ्या मारल्या. टाळू एकदाही छताला लागली नाही. सेक्रेटरी नव्या पाटीसमोर दोन्ही हात पसरून उभे होते.

अठ्ठावीस तारखेला मी गाडी चालवत नेली, शेजारी सासरे. तपासनीस खिडकीतल्या माणसाचा धाकटा भाऊ शोभेल असा होता. त्यानं गाडी स्वतः चालवली, बॉनेट उघडून वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. मग त्यानं विचारलं की हे काम नक्की कुठल्या वर्कशॉपमधून करून घेतलंय. सासरे म्हणाले, घरी शिवलं. त्यानं पुढे विचारलं नाही, 'योग्य' असा शिक्का मारला. शिक्का जरा तिरका पडला. मला एरवी ते सहन होत नाही.

गाडी आता चालू आहे. सासरे मला चालवायला घेऊन आठवड्यातून दोनदा तिच्यातून फिरून येतात, कारण क्लचला बसून राहणं मानवत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. सेक्रेटरींनी नवी नोटीस काढलीय: अचल वाहनाच्या जागेवर चल वाहन उभं केल्याबद्दल खुलासा करावा. साडू आले की भंगाराचा विषय काढत नाहीत, ट्रॉल्यांचा काढतात, आणि सासरे त्यांना ट्रॉलीचं माप कसं घ्यावं ते सांगतात.

सासऱ्यांना आता काही विचारलं तर ते तुम्हीच बघा म्हणत नाहीत. उलट संध्याकाळी खाली बाकावर बसून ते इमारतीतल्या कुणालाही धरून ती चूक सांगतात. कशी केली, कुणाच्या लक्षात कशी आली नाही, गाडी कशी उडाली, मग आपणच ती कशी निस्तरली. फार रंगवून सांगतात. त्यात माझी अर्धी चूक पहिल्या आठवड्यात होती, दुसऱ्या आठवड्यात ती पाव झाली आणि आता मी त्या गोष्टीत टेपचं टोक धरायलासुद्धा नसतो.

परवा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. खाली तळमजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई बाकाभोवती बसल्या होत्या आणि सासऱ्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. "थोडीथोडकी नाही," ते सांगत होते, "सव्वा इंचानं चुकलं होतं माझं." मी कठड्याला धरून थांबलो. तेवीस वर्षांची नोकरी घशाशी आली. पाऊण, मामा, पाऊण. मी तोंड उघडलं, खाली बघितलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढचा जिना चढायला लागलो.